आ म्हणजे आली

लाटंबार्से,
ता. २४ मार्च १९८८

चि. सुदेश,

बरा असशीलच. नसलास तर पुढच्या पत्रात कळव, आज मला वेळ नाही. अक्षर लागत नाही अशी तक्रार करू नकोस. दुसरीत शाळा सोडलेल्या बाईचं अक्षर असंच असतं, आणि तुझी आई गेल्यावर याच हातांनी तुला भरवलंय.

आपली सुमंगला गेली. माझ्या भिंतीला भिंत लावून राहायची ती. मागे आलास तेव्हा खतखतं वाढून तुला आग्रह करत होती, तीच. सोमवारी सात तारखेला दुपारी खाणीवर मातीचा ढीग सरकला आणि ती खाली गेली. आम्ही हातांनी उकरून काढली. मी जवळच होते. ते सगळं लिहीत बसत नाही.

लिहायला बसले ते दुसऱ्यासाठी. कंपनी म्हणते, त्या दिवशी खाणीवर कामच नव्हतं. शिगम्याचे दिवस, सगळ्या बायका घरी, हजेरीपटावर एकही बाई हजर नाही. मग ही एकटी तिथे कशाला गेली ते आम्हांला ठाऊक नाही, असं म्हणतात. ऐकतोस ना? आम्ही बाराजणी सकाळपासून टोपल्या वाहत होतो. शिगमो होता हे खरं. पण वास्कोला खाणीचा माल न्यायला बोट लागली होती. बाबली मुकादम म्हणाला, देव थांबेल, बोट थांबणार नाही. हजेरी घेणारा सगुण आपल्या मेळात ढोल बडवायला गेला आणि आठवडाभराचा कागद माझ्या हातात देऊन गेला. हजेरी मी घातली. माझ्या हातांनी. आणि आता म्हणतात, कोणीच नव्हतं.

कंपनीचा माणूस टाइप केलेला कागद घेऊन कोरगावला तिच्या सासरी जाऊन आला. सासू कमलाक्षी तुला माहीत नाही. जिभेने नारळ सोलील अशी बाई. ती म्हणाली, खाण बंद, तर मग ही टिफिन घेऊन रोज सकाळी कोणाकडे जात होती? मी म्हटलं, आठवड्याचा पगार आणायची तो काय झाडाला लागत होता? तर म्हणाली, तेच विचारतेय, कुठून आणायची?

सुमंगलाचा घो जयराम तुझ्याच वास्कोला सरकारी बसवर कंडक्टर, पंधरा दिवसांनी घरी येणारा. त्याने आईचं तेच खरं धरलं. मी कोरगावला जाऊन त्याला सांगितलं, अरे ती माझ्याबरोबर कामावर होती. तो म्हणाला, मग बाकीच्या का सांगत नाहीत? बाकीच्या कशा सांगतील? बाबलीने सगळ्यांना दम दिलाय, तोंड उघडाल तर उद्यापासून काम नाही. माझं डोकं फिरलं. मी भांडले. त्याने दार लावून घेतलं.

तिचे दिवस घातले नाहीत त्यांनी. आणि पोर, ऋतिका, सहा वर्षांची, ती आता कोरगावलाच नेलीय, तिला सांगून ठेवलंय की आईचं नाव घरात काढायचं नाही.

तू त्याच कंपनीच्या वास्कोच्या हापिसात आहेस. तो कागद बघ. माझा कागद कोणी बदलला ते नाव मला कळव. मला एवढंच हवं की ती कामावर आली होती हे त्या घरात कळावं. पोर मोठी होईल. तिला काय सांगणार आहेत ते मला आत्ताच ऐकू येतंय.

मावशी विमला

•

वास्को,
ता. ५ एप्रिल १९८८

ती. विमला मावशीस,
सुदेशचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सुमंगलावहिनींचं वाचून फार वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

हापिसात कागद पुष्कळ असतात, मावशे. प्रत्येक खाणीचा हजेरीपट, टिपरांच्या फेऱ्यांच्या चिठ्ठ्या, काट्यावर गाडी तोलल्याच्या पावत्या. हे सगळं एकमेकांशी जुळवून वर्षाच्या शेवटी तपासनिसाला दाखवावं लागतं. कंपनीने खरंच काय केलं ते त्यावरून ठरतं. त्यामुळे असे कागद लगेच हाताला लागत नाहीत. ते साहेबांच्या कपाटात असतात. मी अजून कायम झालेलो नाही, हे तुला ठाऊक आहे. जपून विचारावं लागेल.

एक विचारायचं होतं. तू हजेरी घातलीस तेव्हा आलेल्या बायकांच्या नावापुढे खूण काय केली होतीस? सगुण इंग्रजी अक्षर घालतो. तू काय घातलंस?

तब्येतीची काळजी घे. उन्हात फिरू नकोस.

तुझा
सुदेश

•

लाटंबार्से,
ता. १२ एप्रिल १९८८

चि. सुदेश,

मी तुला आग विचारली आणि तू मला धूर पाठवलास. उन्हात फिरू नकोस म्हणे. खाणीवर सावली तू येऊन धरणार काय?

खूण काय केली म्हणून विचारतोस. आ. आणखी काय करणार? जी आली तिच्यापुढे आ. आली नाही तिची जागा कोरी. मला इंग्रजी कुठलं? मराठीत आली, आपल्या बोलण्यात आयली, दोन्हीकडे आ. मराठी की कोकणी म्हणून दोन वर्षं एकमेकांची डोकी फोडत होते ना, राज्य झालं तेव्हा? माझ्या आ वर दोघेही गुण्यागोविंदाने बसले असते. एक तारखेपासून सात तारखेपर्यंत, सातही दिवस बारा बायका, सगळ्यांपुढे आ. एक दिवस कमळी तापाने आली नाही तेवढी जागा कोरी. ती खूण पुसून दुसरी घालणारा सगुणाशिवाय कोण असणार? कागद मी त्याच्याच हातात परत दिला होता.

साहेबाच्या कपाटाला कुलूप आहे, तुझ्या तोंडाला नाही. विचार आणि कळव.

विमला

•

लाटंबार्से,
ता. २० जून १९८८

सुदेश,

दोन महिने झाले. एक कार्ड नाही. वास्कोत पोस्ट बुडालं काय? तुला कायम केलं असं पेडण्याच्या सदाशिवाकडून कळलं. तुझ्याकडून नाही. पेढे राहू देत. उत्तर तरी द्यायचं होतंस.

तू लिहिणार नाहीस म्हटल्यावर मीच काय ते केलं. रविवारी बाजारात सगुण मासळी घेत होता. मी सगळ्यांसमोर त्याला उभा केला. म्हटलं, मेलेल्या बाईला गैरहजर करायचे तुला बाबलीने काय दिले? तो म्हणाला, विमलाबाय, देवाशपथ, तू दिलास तसाच कागद मी पुढे पाठवला, उघडलासुद्धा नाही. मी म्हटलं, देवाला मध्ये आणू नको, तो त्या आठवड्यात तुझ्या ढोलाने बहिरा झाला होता. लोक हसले. मी आणखी बोलले. कायबाय बोलले ते मासळीवाल्या अजून सांगत फिरतात. त्याची बायको हातातली पिशवी टाकून रडत गेली.

आता खाणीवर त्याच्याशी कोणी बोलत नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा कोणी पुढे करत नाही. बाबलीसुद्धा वरून म्हणतो, असा माणूस नको. बरंच झालं म्हणायला हवं. पण मला बरं वाटत नाही, का कोण जाणे. त्याने वर बघितलं नाही. चोर असता तर भांडला असता.

कोरगावहून आलेली एक बाई सांगत होती, पोरीला शाळेत कोणीतरी विचारलं, तुझी आई कशाने गेली, तर पोर म्हणाली, माझ्या आईचं आमच्यात बोलत नाहीत.

तू जिवंत आहेस तेवढं कळव.

मावशी

•

वास्को,
ता. ४ जुलै १९८८

मावशे,

हे पत्र तू एकटी असताना वाच. कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

सगुणाने काही केलेलं नाही. तुझा कागद कोणी बदलला नाही. तो जसाच्या तसा वास्कोला आला. माझ्या टेबलावर.

सगळ्या खाणींची पानं इंग्रजी हजेरीपटात उतरवून टाइप करायचं काम माझं. बारा मार्चला मी तुझं पान हातात घेतलं. अक्षर तुझं, हेही मी ओळखलं नाही. सगळ्या नावांपुढे आ, आ, आ. मला वाटलं, आ म्हणजे आबसेंट. आमच्या साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे आबसेंटच म्हणतात. एखाद्या आठवड्यात सगळा गट गैरहजर असेल तर मी विचारायला हवं होतं. पण शिगमो होता. शिगम्यात कोण कामावर येतं, असं मीच मनात म्हटलं आणि सगळीकडे इंग्रजी ए मारला. फक्त एका कोऱ्या जागेचं काय करावं कळेना, तिथेही ए मारला. पाच मिनिटांचं काम. मग चहाला गेलो.

अपघाताचं मला तुझ्या पत्रातूनच कळलं. तू आ लिहिलंस तेव्हा मला सगळं समजलं. त्याआधीही संशय होता, म्हणूनच तर विचारलं होतं. त्यानंतर रोज तुला पत्र लिहायला बसत होतो. जूनमध्ये कायम करणार होते. म्हटलं तेवढं होऊ दे, मग सांगेन. मग तुझं सगुणाबद्दलचं पत्र आलं.

मला शिव्या दे. पण उत्तर दे.

सुदेश

•

लाटंबार्से,
ता. ११ जुलै १९८८

सुदेश,

शिव्या देत नाही. त्याही आपल्या माणसाला देतात.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी सगुणाकडे गेले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बायकोच्या माहेरी दोडामार्गाकडे गेले, सामानसुद्धा नेलं. ओट्यावर ढोल ठेवून गेलाय, उलटा. पावसाचं पाणी त्यात साचलं होतं. मी ते ओतून टाकलं. आणखी काय करणार होते?

माझा मोठेपणा असा की दुसरी शिकलेली विमला हजेरी घालते म्हणून मी पदर खोचून बसले होते. एक आ लिहिताना शेजारी ली लिहायला मला काय झालं होतं?

ते तुझं माझं झालं. पण त्या घरात जो कागद वाचला गेला त्याचं काय? तुझ्या हाताने ती गैरहजर झाली. तुझ्याच हाताने हजर कर. मग मला तोंड दाखव.

विमला

•

वास्को,
ता. १९ सप्टेंबर १९८८

ती. मावशीस,

उशीर झाला. तुला दाखवता येईल असं काही हातात असावं म्हणून थांबलो होतो. ते नाही.

मी गोदामातून तुझं मूळ पान शोधून काढलं. तुझे आ तसेच आहेत, पेन्सिलीचे, दाबून काढलेले. त्याला त्या दिवसाच्या काट्याच्या पावत्या जोडल्या. सात तारखेला टिपर भरून गेल्याचं त्यांवर आहे. काम बंद होतं तर टिपर कोणी भरले? हे सगळं साहेबांसमोर ठेवलं आणि सांगितलं, चूक माझी, मला दुरुस्ती घालू द्या.

साहेबांनी पावत्या उलटून बघितल्या. म्हणाले, पावत्या जुन्या साठ्यातल्या मातीच्या आहेत, ती मशीनने भरली. मी म्हटलं, आणि हे आ? ते हसले. म्हणाले, हे कोणत्या भाषेतलं आहे ते आधी ठरव. तू कारकून, तू आबसेंट वाचलंस, आम्हीही आबसेंट वाचतो. तपासणी होऊन गेली, सही झाली. आता उघडायचं नाही. पान त्यांनी स्वतःच्या खणात ठेवलं.

मी मजूर खात्यात अर्ज दिला, स्वतःचं नाव घालून. तिथल्या बाबूने विचारलं, मूळ कागद कुठे? मी म्हटलं, साहेबांच्या खणात. त्याने अर्जावर शिक्का मारला आणि ठेवून दिला. आठव्या दिवशी हापिसात मला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

बंदरावर एका गोदामात पोती मोजायला लागलो आहे. त्याचं मला काही नाही. मी जयरामला गाठायलाही गेलो होतो, बस स्टँडवर. तो डबल घंटा देऊन गाडीत चढला. मी माझं नाव सांगू शकलो नाही.

कागद दुरुस्त होणार नाही, मावशे. मला माफ कर म्हणत नाही.

सुदेश

•

लाटंबार्से,
ता. २१ नोव्हेंबर १९८८

चि. सुदेश,

आज तुला पुन्हा चि. लिहिलं, बघितलंस ना. दिवाळीला आला नाहीस. फोव तसेच राहिले, पोह्यांना किडे लागले. असो.

तुझं पत्र वाचून मी ठरवलं की कागदाच्या मागे धावणं बास झालं. दोडामार्गाला जाऊन सगुणाला भेटून आले. काय बोललो ते तुझ्यासाठी नाही. मग एकेका बाईच्या घरी गेले. म्हटलं, कोरगावला चला. पहिल्यांदा सगळ्यांनी माना फिरवल्या. बाबली काम बंद करील. मी म्हटलं, करू दे, त्या ढिगाखाली उद्या तुझी पाळी आली तर तुझा घो कोणाला विचारील? कमळी सगळ्यात आधी उठली, जी त्या आठवड्यात एक दिवस तापाने आली नव्हती ती. मग बाकीच्या. काल रविवारी बस धरून गेलो, डोक्यावर पदर घेऊन, लग्नाला चाललो असं वाटावं अशा.

जयराम घरी होता. आम्हांला बघून आत वळला. मी म्हटलं, बस, पळू नको, आज भांडायला आले नाही. कमलाक्षी दारात आली आणि म्हणाली, ही पलटण कसली? कोणी आम्हांला बसा म्हटलं नाही. उन्हात अंगणात उभ्या राहिलो.

मी एकेकीचं नाव घेतलं आणि विचारलं, सात मार्चला कामावर आयल्लें काय? एकेक म्हणत गेली, आयल्लें. सगळ्यांनी म्हटलं. मग मी म्हटलं, आणि सुमंगला? सगळ्या एकदम म्हणाल्या, आयल्ली. कंपनीच्या कागदावर काय आहे ते विसर, आम्ही तिच्याबरोबर टोपल्या वाहिल्या.

मला वाटलं आता तो रडेल, आणि आपलं काम झालं. तसं नाही झालं.  तो म्हणाला, मार्चात का नाही आलात? विमलाबाय एकटी आली, ती मला गाढव म्हणून गेली. तुम्ही कुठे होतात? तिची राख पेडण्याच्या नदीत सोडताना मी एकटा होतो. आईने मला तीसुद्धा घरात आणू दिली नाही. तेव्हा आबसेंट तुम्ही होतात, ती नव्हती.

  कमळी रडायला लागली, तिला मी कोपराने ढोसलं. रडायचा हक्क आपला नव्हता तिथे.

कमलाक्षी म्हणाली, आता आठ महिन्यांनी सगळ्या मिळून ठरवून आलात. बायकांनी ठरवलं तर रात्रीलाही सकाळ म्हणतील.

मग जयरामने मला विचारलं, ती कशी गेली? आजपर्यंत हे त्याने कोणाला विचारलं नव्हतं. कोणाला विचारणार? कागदाप्रमाणे तिथे कोणी नव्हतंच. आणि मी पहिल्यांदा गेले तेव्हा भांडायलाच गेले. सांगायचं तेच राहिलं.

मी सांगितलं. ती काढली तेव्हा शुद्धीवर होती. दोनच गोष्टी बोलली ती. आधी पाणी मागितलं. मग म्हणाली, ऋतिकाची शाळा सुटली असेल, तिला कोण आणतलो? मी म्हटलं, मी आणते. तिला ते ऐकू गेलं, मान हलवली. बस्स. मी तिला बायकांकडे दिली आणि शाळेकडे पळाले. आले तेव्हा तिच्यावर चादर घातली होती.

जयराम खाली मातीत बसला.

पोर दारामागे होती, कोणी हाकललं नव्हतं. ती बाहेर आली आणि म्हणाली, खरंच, मावशी आयल्ली. तिचे हात तांबडे होते. माझा हात धरला आणि पळवत घेऊन गेली.

कमलाक्षी लगेच म्हणाली, शिगम्याचा गुलाल असेल.

पोर म्हणाली, ना गो आजी. गुलाल नव्हे. मायनाची, खाणीवरची माती. माझ्या शाळेच्या कपड्यांना लागली होती. तू धुतलेस ना?

 सुदेश, मी त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघत होते, तुला ठाऊक आहे मी असं तोंड सोडत नाही. पण काल मला बघवेना. तिने भिंतीला हात टेकला. मग अगदी हळू म्हणाली, गेले नाहीत ते डाग. साबण लावला, चिंच लावली, दगडावर आपटले. गेलेच नाहीत.

ही माती जात नाही, हे आमच्यापेक्षा कोणाला ठाऊक? आमची लुगडी बघ.

मग तिने ऋतिकाला जवळ ओढलं आणि म्हणाली, तुझी आई कामावर गेली होती गो. कामावर असताना गेली.

आम्ही निघालो. पाणी कोणी दिलं नाही, आम्ही मागितलं नाही. आज सकाळी बाबलीने आम्हां सगळ्यांना खाणीच्या फाटकावरूनच परत पाठवलं.

तू ये. घरी भात आहे.

विमला मावशी